हाताची नस दुखावलेलं बाळ उशिरा चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. जन्मताना हाताची नस ओढली गेलेली बाळं माझ्याकडे येतात, तेव्हा सुरुवातीचे सहा महिने घरच्यांचे सगळे प्रश्न हाताबद्दल असतात. बाळ वर्षाचं झालं की प्रश्न बदलतो. "शेजारचं याच्याच वयाचं आहे, घरभर पळतंय. आमचं अजून उभंसुद्धा राहत नाही. हातामुळेच ना हो?" ओपीडीच्या गर्दीत या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

दुखापत हाताच्या नसेला झाली. मग चालायला उशीर का व्हावा?

पायाच्या नसा कमरेतून निघतात, हाताच्या मानेतून. मानेतल्या खालच्या चार आणि छातीतली सगळ्यात वरची एक, अशा पाच नसा मानेच्या बाजूला एकमेकींत मिसळतात आणि त्यांचं एक जाळं तयार होतं. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, तर मान आणि खांदा यांच्यामध्ये हे जाळं ताणलं जातं. वरच्या दोन-तीन नसा दुखावल्या तर खांदा आणि कोपर हलत नाही, बोटं मात्र हलतात. याला एर्ब पाल्सी म्हणतात. पाचही नसा दुखावल्या तर सगळा हात लुळा पडतो. यात पायाची एकही नस नाही. हाताच्या नसेमुळे पाय अधू होत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

पण बाळ नुसत्या पायांनी चालायला शिकत नाही. पालथं पडल्यावर छाती उचलायला हात लागतात, रांगायला लागतात, दिवाणाची कड धरून उठायलाही लागतात. पहिली पावलं टाकणारं कुठलंही बाळ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही हात खांद्यापर्यंत वर, कोपरात दुमडलेले, बोटं फाकलेली. दोरीवर चालणाऱ्या मुलीच्या हातातली काठी जे काम करते, तेच काम ते हात करत असतात. एक हात खाली लोंबत असेल तर बाळाचा तोल एका बाजूला जातो.

शिवाय पडायची भीती असते. साधारण सहा-सात महिन्यांचं बाळ बसल्या जागी कलंडलं की बाजूला हात टेकवतं. आठव्या-नवव्या महिन्यापासून पुढे झोकांडी गेली की दोन्ही हात आपोआप पुढे येतात. एर्बच्या बाळाचा एकच हात पुढे येतो. दुसऱ्या बाजूला ते थेट गालावर आपटतं. दोन-चारदा असं झालं की बाळ शहाणं होतं आणि उठायचा प्रयत्नच कमी करतं. "आळशी आहे हो आमचं" असं आज्या सांगतात, त्यातली बरीच बाळं आळशी नसतात, सावध झालेली असतात.

फक्त वरच्या दोन नसांची दुखापत असेल तर माझ्या पाहण्यातली बहुतेक बाळं इतरांच्याच वयात चालली आहेत. सगळा हात लुळा असेल, तर उशीर जास्त दिसतो.

किती महिन्यांपर्यंत वाट पाहायची?

जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी बाळांचा मोठा अभ्यास करून २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. त्यात आपल्या दिल्लीचीही बाळं होती. आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने, इतकं लांबरुंद निघालं. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारं बाळ हुशार आणि सोळाव्यात चालणारं मागे पडलेलं, असा अर्थ लावू नका.

हाताची दुखापत असलेल्या बाळाला मी वेगळी मुदत देत नाही. अठरा महिने पूर्ण झाले आणि बाळ एकटं चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून पायांसकट पूर्ण तपासणी व्हायलाच हवी. "हाताचं आहे ना, मग उशीर होणारच" हे उत्तर त्या दिवसापासून चालणार नाही. त्याआधीही काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही. नऊ-दहा महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, किंवा वर्षाचं झालं तरी उभं धरल्यावर पायांवर भार घेत नाही, तर तेव्हाच दाखवा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा.

आमचं बाळ रांगतच नाही, बसल्या बसल्या बूड घासत सरकतं. हे वाईट आहे का?

नाही. रांगताना अंगाच्या पुढच्या भागाचा भार दोन्ही तळहातांवर येतो आणि ते याला जमत नाही, म्हणून त्याने आपल्यापुरती वाट शोधली आहे. वरच्या अभ्यासात शंभरातली चारेक निरोगी बाळंसुद्धा गुडघ्यांवर कधीच रांगली नाहीत. काही बाळं चांगल्या हाताने स्वतःला ओढत पोटावर सरकतात, तर काही एक गुडघा आणि एक तळपाय टेकून तिरकी रांगतात. रांगल्याशिवाय चालत नाही, हे खरं नाही.

बूड घासत सरकणारी बाळं, हात अगदी धडधाकट असले तरी, रांगणाऱ्यांपेक्षा उशिराच चालतात. हे माहीत असलेलं बरं. मात्र दुखऱ्या हातावर भार यावा म्हणून तो हात टेकण्याचा सराव आपण मुद्दाम करून घेतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

उशीर हातामुळे नाही, आणखी काही आहे, हे कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चौदा महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. फाइलवर मोठ्या अक्षरांत एर्ब पाल्सी, उजवा हात. हाताचे व्यायाम आई मनापासून करत होती. बाळ उभं राहत नव्हतं आणि जिथे जिथे दाखवलं तिथे तिथे हाताकडे बोट दाखवून त्यांना परत पाठवलं होतं. मी त्याला छातीला दोन्ही बाजूंनी धरून जमिनीवर उभं केलं. डावा तळवा सपाट टेकला, उजवी टाच टेकेना. पाऊल वर ढकलून पाहिलं तर घोटा दोरीने बांधल्यासारखा घट्ट होता आणि थरथर उडत होता. हाताच्या नसेच्या दुखापतीत असं कधीच होत नाही. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय केला, कारण मेंदूत निघालं. पायाचे उपचार सहा-आठ महिने आधी सुरू होऊ शकले असते. त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून आता हाताचं कुठलंही बाळ आलं तरी मी आधी लंगोट काढून पाय पाहते.

तुम्हीही घरी पाहू शकता. पाठीवर निजलेलं बाळ दोन्ही पाय सारखेच झाडतं का? लंगोट बदलताना मांड्या सहज फाकतात की घट्ट राहतात? उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात का? नेहमी चवड्यांवरच उभं राहतं का? एक पाय ओढत सरकतं का? यातलं काही दिसलं, किंवा जन्मतः लुळा असलेला हात चौथ्या-सहाव्या महिन्यानंतर ताठ होऊ लागला, मूठ आवळलेली राहू लागली, तर तो प्रश्न मानेतल्या नसेचा नसून मेंदूचा असू शकतो. नसेच्या दुखापतीत हात सैल असतो, मेंदूच्या दुखापतीत हळूहळू ताठ होतो.

दोन्ही गोष्टी एकाच बाळात असू शकतात, कारण खांदा अडकतो तेव्हा बाळाला काही मिनिटं प्राणवायूही कमी पडू शकतो. जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नव्हतं, पेटीत ठेवावं लागलं होतं किंवा झटके आले होते, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना सांगा. डिस्चार्ज कार्ड दाखवा. क्वचित, फार जोराच्या ओढीत मानेतल्या मज्जारज्जूलाही इजा होते. पायांकडे जाणारे सगळे संदेश तिथूनच खाली उतरतात, त्यामुळे तेव्हा पायही कमजोर होतात.

आणि खुबा. हाताची दुखापत असलेल्या बऱ्याच बाळांची मान एका बाजूला कललेली असते आणि मान कललेल्या बाळांत खुब्याचा सांधा निसटलेला असण्याचं प्रमाण जास्त असतं. मांडीच्या वळ्या दोन्हीकडे वेगळ्या दिसतात, एक पाय आखूड वाटतो, एक मांडी कमी फाकते. सहा महिन्यांच्या आत सोनोग्राफीत आणि नंतर एक्स-रेत हे कळतं. लवकर सापडलं तर पट्ट्यांवर भागतं, चालायला लागल्यावर सापडलं तर बहुतेक वेळा ऑपरेशन करावं लागतं.

मुडदूस आणि थायरॉइडची कमतरता यांनीही चालणं लांबतं. दोन्ही रक्ततपासणीत कळतात.

कॅल्शियमचं टॉनिक दिलं तर लवकर चालेल का?

मुडदूस नसेल तर नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब बालरोगतज्ज्ञ सांगतात ते द्या, तेवढेच द्या.

माझ्याच हातून काही चुकलं का? मी नीट कळ दिली नाही का?

हा प्रश्न आया खाली बघत विचारतात, बहुतेक वेळा सासूबाई बाहेर गेल्यावर. नाही, तुमचं चुकलेलं नाही. बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो, ही घटना आधी सांगता येत नाही. चार किलोच्या वरचं बाळ, आईला मधुमेह, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेली प्रसूती, यांत शक्यता वाढते. तरी यातलं एकही कारण नसतानाही ती होते. सिझेरियन झालेल्या बाळांतही नसेची दुखापत क्वचित आढळते. साधारण हजार बाळंतपणांत एक-दोन बाळांना ही दुखापत होते.

पुढच्या बाळंतपणाच्या वेळी मात्र पहिल्याच तपासणीत हे सांगा. साखरेची चाचणी वेळेवर करून घ्या आणि प्रसूती मोठ्या रुग्णालयात ठरवा, कारण खांदा पुन्हा अडकण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

हात आपोआप बरा होतो ना?

बऱ्याच बाळांचा होतो. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत हालचाल येते. आतून तुटली असेल तर ती रोज सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढते, म्हणजे मानेपासून दंडापर्यंत पोचायला तिला महिने लागतात. मज्जारज्जूपासूनच उपटली गेली असेल तर ती स्वतःहून जोडली जात नाही.

म्हणून "थांबा, होईल बरं" या वाक्याला मी मुदत घालते. महिन्याचं होईपर्यंत हात पूर्ववत झाला नसेल तर या नसांचं काम करणाऱ्या सर्जनला एकदा दाखवून ठेवा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेतं का, हे सगळ्यात जास्त सांगून जातं. नेत नसेल तर ऑपरेशनचा विचार सुरू होतो आणि ते साधारण तिसऱ्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान केलं जातं. सगळा हात लुळा असेल आणि त्याच बाजूची पापणी झुकलेली, डोळ्याची बाहुली बारीक दिसत असेल, तर दुखापत खोल आहे. तेव्हा तीन महिनेही वाट पाहत बसू नका.

बाळ वर्षाचं झाल्यावर पहिल्यांदा येणारे आई-बाप मला भेटतात. त्यांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने त्यांना थांबा म्हटलेलं असतं. त्यांना काय सांगावं हे मला आजही कळत नाही. उशिरा आलेल्यांसाठी स्नायूची जागा बदलण्याची ऑपरेशनं असतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण नसेची वेळ गेलेली असते.

ऑपरेशनमध्ये पायातली नस काढून मानेत लावतात म्हणे. मग पाय अधू होणार नाही का?

या भीतीने ऑपरेशन नाकारणारी घरं मी पाहिली आहेत. पोटरीच्या मागून घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक बारीक नस तुटलेल्या जागी जोड म्हणून वापरतात. तिचं नाव सुरल. ही नस फक्त स्पर्श कळवते, कुठलाही स्नायू हलवत नाही. ती काढल्यावर पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडी बधिरता येते. चालणं, पळणं, उड्या मारणं यांवर परिणाम होत नाही.

ऑपरेशननंतर काही आठवडे मान आणि हात बांधलेले असतात. त्या काळात बाळ बसायला किंवा उठायला शिकत असेल तर तेवढं थांबल्यासारखं होतं. पट्टी सुटल्यावर ते भरून निघतं.

चालायला शिकवताना हात धरावा का?

आपल्याकडे बाळाचे दोन्ही हात वर धरून "चाल चाल" करायची पद्धत आहे. या बाळांना तसं करू नका. दुखरा खांदा सैल असतो किंवा एका दिशेने आखडलेला असतो, त्याला वर लटकवल्यासारखं ओढणं धोक्याचं आहे. काखेत हात घालून उचलणं आणि दंड धरून उठवणंही नको. उचलताना एक हात पाठीमागे, एक बुडाखाली.

नुसता चांगला हात धरला तर बाळ त्याच बाजूला कलून चालायला शिकतं. त्यापेक्षा मागे गुडघ्यांवर बसा आणि बाळाच्या कमरेला दोन्ही बाजूंनी आपले हात लावा. दाबायचं नाही, नुसते असू द्यायचे. पुढे दोन पावलांवर आजोबांना बसवा.

एका बाळाला सोळाव्या महिन्यात सगळं येत होतं, सोडायचं धाडस तेवढं होत नव्हतं. आजीने आपल्या लुगड्याचा पदर त्याच्या चांगल्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात पुढे चालू लागली. पदर ताणलेला असेपर्यंत बाळ चाले. आजीने रोज पदर थोडा थोडा सैल सोडला. आठवड्याभरात तो जमिनीवर लोळत होता आणि बाळ तो मुठीत धरून एकटं चालत होतं. मी हे आता इतरांनाही सांगते.

वॉकरमध्ये ठेवावं का? आणि पांगुळगाडा?

बसायचा, चाकांचा वॉकर घेऊ नका. घरात असेल तर देऊन टाका, किंवा खरं तर देऊही नका, मोडून टाका. त्यात बाळ लोंबकळत चवड्यांनी ढकलतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही आणि पायऱ्यांवरून, उंबऱ्यावरून पडून डोक्याला मार लागतो तो वेगळाच. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो बाळ उभं राहून, मागून ढकलतं. मात्र दांडी दोन्ही हातांनी धरायची असते, त्यामुळे एर्बच्या बाळाचा गाडा एका बाजूला वळत जातो. खालच्या फळीवर दोन किलो तांदळाची पिशवी बांधली की तो पुढे पळत नाही. दुखऱ्या हाताची बोटं आपण दांडीवर ठेवायची आणि वरून आपला तळहात हलका ठेवायचा. नुसतं उभं राहून टेकलं तरी चालेल, त्याने कोपरावर आणि खांद्यावर भार येतो आणि तोच आपल्याला हवा असतो.

मालिशवाल्या बाई हात ओढून व्यायाम देतात. चालू ठेवू का?

तेलाचा हात फिरवायला हरकत नाही, बाळाला छान वाटतं. ओढणं, झटका देणं, एक हात आणि विरुद्ध पाय पकडून एकमेकांना भिडवणं, मनगट धरून बाळ उचलणं हे पूर्ण बंद. बाईंना अपमान वाटणार नाही अशा शब्दांत सांगा, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळं न्हाऊ घातलेली असतात. मी तर त्यांनाच एकदा ओपीडीत बोलावते आणि हात कसा धरायचा ते दाखवते. बहुतेक बायका लक्ष देऊन शिकतात. शेक देताना जास्त जपा. हाताला स्पर्श कमी कळत असेल तर चटका बसला तरी बाळ रडत नाही.

हाडवैद्याकडे खांदा "बसवून" घ्यायला नेऊ नका. निखळलेलं काही नाही, नस दुखावलेली आहे.

झबलं घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी दुखरा हात.

चांगला हात बांधून ठेवला तर दुखरा हात वापरेल ना?

हा प्रयोग एका राजपुत्रावर झालेला आहे. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८५९ साली पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात कायमचा अधू राहिला. राजवैद्यांनी त्याचा चांगला उजवा हात अंगाशी बांधून ठेवला, अधू हात ताज्या मारलेल्या सशाच्या उबेत ठेवला, विजेचे धक्के दिले. आपल्याकडेही लकव्यावर पारव्याचं रक्त चोळणारे आहेत, त्यामुळे त्या वैद्यांना नावं ठेवण्याचा आपल्याला फारसा हक्क नाही. हात सुधारला नाही. त्या मुलाला पुढे घोड्यावर तोल सांभाळणं फार जड गेलं आणि त्यासाठी त्याला रडवून रडवून शिकवलं गेलं.

चांगला हात थोडा वेळ आवरून दुखऱ्या हाताला काम देण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत आज आहे. ती थेरपिस्टच्या देखरेखीत, बसून खेळताना, ठरावीक वेळ करतात. ज्या हातात थोडी तरी हालचाल आली आहे त्याच हातासाठी. चालायला शिकणाऱ्या बाळाचा चांगला हात बांधायचा म्हणजे त्याचा पडतानाचा एकमेव आधार काढून घ्यायचा. घरी हे करू नका.

घरी नेमकं काय करायचं?

झोळीतून आणि कडेवरून बाळाला जमिनीवर आणा. जन्मतः दुखापत झालेलं बाळ घरात सगळ्यांचं लाडकं आणि सगळ्यांच्या काळजीचं असतं, त्यामुळे ते सारखं कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतं. सतरंजी किंवा जाड गोधडी घाला, पाय अनवाणी ठेवा.

पालथं घालताना छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि दुखरा हात तिच्यावरून पुढे काढा, नाहीतर तो अंगाखाली अडकतो. बसल्यावर खेळणी दुखऱ्या बाजूला ठेवा. दुखरा तळहात जमिनीवर टेकवून कोपराला मागून आधार द्या आणि चांगल्या हाताने पलीकडची वाटी घ्यायला लावा. सुरुवातीला दहा आकडे मोजेपर्यंत पुरे.

नंतर पाट. बाळाला पाटावर बसवा, तळवे जमिनीला टेकलेले, समोर चौरंग आणि चौरंगावर काहीतरी आवाज करणारं. उठून उभं राहायचं, घ्यायचं, पुन्हा बसायचं. पाय यानेच मजबूत होतात. हात फार लागत नाही, म्हणून या बाळांना हा खेळ विशेष जमतो. मग दिवाणाच्या कडेने आडवी पावलं. बाळ दुखऱ्या बाजूकडे जायला नाखूश असतं, म्हणून खेळणं मुद्दाम त्या टोकाला ठेवा.

पडायला शिकवा. मोठ्या चेंडूवर किंवा घट्ट गुंडाळलेल्या गादीवर पोटावर घालून हळूच पुढे झुकवा म्हणजे हात पुढे येतात. दुखऱ्या हाताला तुम्ही कोपराजवळून पुढे आणा. काही महिन्यांनी तो अर्धा का होईना, स्वतःहून येतो.

दोन हातांचे खेळ संक्रांतीला आयतेच मिळतात. बोरन्हाणाला ओंजळभर बोरं, चुरमुरे समोर पडले की सगळी मुलं त्यात हात घालतात. गेल्या संक्रांतीनंतर एका आईने मला फोनवर व्हिडिओ दाखवला. डाव्या हाताची बोटं चुरमुऱ्यांवर नुसती उघडमीट करत होती, उचलत काही नव्हती, पण तो हात पहिल्यांदाच खेळात आला होता.

आणि खांद्याचा व्यायाम. कोपर बाळाच्या कमरेला टेकवून ठेवायचं आणि पुढचा हात दार उघडल्यासारखा बाहेर वळवायचा. हा व्यायाम चुकला की खांदा आत वळून आखडतो. पहिल्या वर्षातच सांधा मागे सरकू शकतो, मग हात उचलता येत नाही आणि चालताना तोलही बिघडतो. लंगोट बदलताना दर वेळी पाच-सहादा केला की वेगळा वेळ काढावा लागत नाही. पण आधी थेरपिस्टकडून हाताला हात लावून शिकून घ्या. जन्मताना खांद्याजवळचं हासळीचं हाडही मोडलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत सुरू करू नका.

सारखं पडतं आणि तोंडालाच लागतं. काय करू?

चौरंगाचे आणि टीपॉयचे कोपरे झाका, न्हाणीघर कोरडं ठेवा, मोजे काढा. पडू नये म्हणून सतत धरून ठेवू नका. उलट्या, गुंगी किंवा डोक्याला मोठं टेंगूळ आलं तर लगेच दवाखान्यात.

आम्ही गावात राहतो. कुठे दाखवायचं?

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. हात हलत नाही हे त्यांना पहिल्याच भेटीत दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. उशिरा चालणं आणि खुब्याचा दोष, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. तिथून जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथल्या तपासणीला आणि थेरपीला पैसे लागत नाहीत. नसांच्या ऑपरेशनसाठी मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात जावं लागतं. गोव्यातल्यांनी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारावं.

जाताना डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड आणि फोनवर काढलेले छोटे व्हिडिओ न्या. परक्या खोलीत बाळ रडतं आणि काहीच करून दाखवत नाही. घरी ते कसं सरकतं, कसं उठतं, हे व्हिडिओत दिसलं की आमचं अर्धं काम होतं.

चालायला लागलं. आता व्यायाम बंद केले तर चालतील?

नाही. चालायला लागल्यावर घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि इथेच खांदा पुन्हा आखडतो, कारण हाड वाढतं आणि कमजोर स्नायू त्याच्या वेगाने वाढत नाहीत. पळताना तो हात कोपरात वाकून वर येईल, चालताना दुसऱ्यासारखा मागेपुढे झुलणार नाही, मोठेपणी थोडा बारीक आणि आखूड राहू शकतो. हे अपेक्षित आहे. पण कोपर कमरेला लावून हात बाहेर वळवताना आधीपेक्षा कमी वळतोय असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवायला या. खांद्याची तपासणी दर काही महिन्यांनी, उंची वाढायची थांबेपर्यंत करायची आहे.